बसा, तात्याराव

विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा फुरसतीतला व्यायाम आणि त्यांच्या जगण्याची गुणवत्ता, हा माझ्या पीएचडीचा विषय आहे. मला हवा होता तो विषय आधीच कुणीतरी नेला होता, आणि उरलेल्यांत बसून करता येईल असा हा एकच दिसला. कलबुर्गीच्या हॉस्टेलमध्ये खाटेवर उताणा पडून, पोटावर लॅपटॉप ठेवून मी व्यायामावरचं पहिलं प्रकरण लिहिलं. पोट त्या कामी फार सोयीचं पडलं, टेबलाची गरज लागली नाही.

माझे मार्गदर्शक व्यंकटेश सर तिसऱ्या मजल्यावर बसतात, म्हणून आमच्या भेटी शक्यतो कॅन्टीनमध्ये होतात. प्रश्नावली तयार झाली तेव्हा सर म्हणाले, आधी स्वतः भरून बघ. मी भरली. फुरसत भरपूर, व्यायाम शून्य, जगण्याची गुणवत्ता बरी, असं निघालं. सरांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि हा नमुना आपण अपवाद म्हणून बाजूला ठेवू असं म्हणाले.

मग मी हॉस्टेलभर प्रश्नावल्या वाटत फिरलो. त्यात एक प्रश्न होता: मोकळ्या वेळात घाम येईपर्यंत अंगमेहनत तुम्ही कितीदा करता? हे माप कुठल्यातरी थंड देशात तयार झालेलं. कलबुर्गीच्या उन्हाळ्यात माणूस तो प्रश्न वाचेपर्यंतच घामानं निथळतो. पोरांनी रोज, सतत, अहोरात्र असं लिहून दिलं आणि माझ्या आकड्यांत आमचं हॉस्टेल म्हणजे पैलवानांचा आखाडा दिसायला लागला. एकानं मेसच्या रांगेत उभं राहणं हाही व्यायाम धरला होता. खोटं कशाला बोलू, ते मला मनापासून पटलं.

एक गोष्ट मात्र नजरेत आली होती. खरोखर मैदानावर जाणारी जी थोडी पोरं होती, त्यांतल्या बहुतेकांच्या दारावर सकाळी दुसरं कुणीतरी थाप मारायचं. ज्याला उठवायला कुणी येत नाही, तो झोपून राहतो. पण प्रश्नावलीत थापेसाठी जागा नव्हती, म्हणून मी ते सोडून दिलं.

अशा रीतीनं मी व्यायामाचा अभ्यासक झालो असतानाच आईचा फोन आला. आमचं घर बिदरला, मैलूरमध्ये. आईचं नाव चांगुणाबाई, आणि फोनवर हॅलो म्हणण्यात वेळ घालवणं तिला मान्य नाही. तिनं सांगितलं की अप्पांची शुगर फार वाढली आहे, डॉक्टरनं रोज सकाळी चालायला सांगितलंय, ते चालायला जातातही, पण शुगर काही खाली यायला तयार नाही. अप्पा म्हणजे माझे वडील, तात्याराव. आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावरच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ते मशीनवर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते.

शुगर हा शब्द आमच्या घरात साधा नाही. अप्पांचे थोरले भाऊ प्रेमानंद काका, त्यांचा पाय याच शुगरनं गेला. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांच्या चपलेच्या जोडातली एक चप्पल झिजत गेली आणि दुसरी तशीच कोरी राहिली. काका गेले तरी ती कोरी चप्पल आईनं टाकली नाही आणि कुणाला दिलीही नाही. ती माळ्यावर आहे.

"जगाला चालायला शिकवायलास, आदी बापाला शिकीव," आई म्हणाली. "त्यांचा पाय गेल्यावर तुजं ते पुस्तक मला दावू नगंस."

मी दुसऱ्याच दिवशी बस धरली.

मैलूरला उतरलो तर गल्लीत माझ्याबद्दल भलताच गैरसमज पसरलेला होता. संघपाल व्यायामाचा डॉक्टर व्हायलाय, असं आईनंच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. घरी पोचून पाणी प्यायच्या आत शेजारची एक म्हातारी गुडघा घेऊन आली. मी गुडघ्याचा नाही, जगण्याच्या गुणवत्तेचा आहे, असं तिला सांगून बघितलं. ती म्हणाली, मग तेच बघ, कुठं दुखतं ते म्या दावते.

अप्पांचं सकाळचं चालणं म्हणजे एक सोहळा होता. ते उजाडायच्या आधी उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे, माझ्या बहिणीनं घेऊन दिलेले पांढरे बूट कापडानं पुसायचे आणि कोळारच्या रस्त्याला लागायचे. बऱ्याच वेळानं परत यायचे ते अगदी प्रसन्न. घाम नाही, धाप नाही, शर्टाची इस्त्री जशीच्या तशी. घाम नाही हे आईकडून ऐकल्यावर माझ्यातला अभ्यासक जागा झाला. बाकीचा मी मात्र झोपलेलाच होतो, त्याला आईनं पांघरूण ओढून उठवलं.

त्या दिवशी मी अप्पांच्या सोबत निघालो. गल्ली ओलांडून मोठ्या रस्त्यावर आलो न आलो तोच मागून एक मोटारसायकल येऊन थांबली. शिवय्या होता. कोळारला कारखान्याच्या गेटसमोर त्याचं चहाचं हॉटेल आहे. अप्पा नोकरीत होते तेव्हापासूनचा दोस्त. गाडीच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या बरण्या लटकत होत्या.

"कुंड्री, तात्याराव अण्णा," तो कन्नडात म्हणाला आणि मग माझ्याकडे बघून मराठीत, "बसा, बसा. चालत कामून जायलाव?"

आणि अप्पा बसले. मी काही बोलायच्या आत, दोन बरण्यांच्या मधे पाय सावरून, सवयीनं बसले. जाता जाता मला म्हणाले, तू ये हळूहळू.

मी हळूहळूच गेलो, दुसरा काही उपायही नव्हता. वाटेत मला या रस्त्याचा कायदा कळला, म्हणजे माहीत होताच, पण त्याची झळ पहिल्यांदा बसली. आमच्या भागात ओळखीचा माणूस पायी दिसला तर गाडीवाल्यानं थांबायचं असतं आणि पायी चालणाऱ्यानं बसायचं असतं. न थांबणारा माजलेला ठरतो आणि न बसणारा त्याहून जास्त. आणि सकाळी त्या रस्त्यानं निम्मं कोळार कामावर जातं. हणमंतप्पा गोदामाचा मालाचा ऑटो घेऊन जातो, तो थांबला. एक वेल्डिंगवाले चाचा थांबले, दखनीत म्हणाले, पैदल कायकू जा रै, बैठो. मी तात्यारावांचा मुलगा, एवढ्या ओळखीवर मला कुणी चालू देईना. शेवटी चाचांच्या मागं बसूनच मी शिवय्याच्या हॉटेलवर पोचलो. शास्त्रीय पाहणीसाठी लवकर पोचणं गरजेचं होतं, असं मी मनाशी म्हणालो.

तिथं अप्पा बाकड्यावर मधोमध बसले होते. समोर सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा गरम फोडणीचा नाश्ता, त्यावर मिरचीची भजी आणि शेजारी साखर घातलेला चहा. पाळीवर जाणारे कामगार येत होते, तात्याराव बसा, तात्याराव घ्या, चाललं होतं. परतताना हणमंतप्पानं आम्हाला घराच्या कोपऱ्यापर्यंत सोडलं. अप्पा त्या सकाळी एकूण जेवढं चालले, तेवढं मी हॉस्टेलमध्ये चार्जर शोधताना चालतो.

घरी आल्यावर मी त्यांना शुगर, रक्तवाहिन्या आणि पाय यांवर एक व्याख्यान दिलं. त्यात दोन परदेशी संदर्भही होते. अप्पांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, तुजं समदं बरोबर हाय, पण माणूस गाडी थांबवून बस म्हणला तर न्हाई कसं म्हणावं. मी म्हटलं, तोंडानं म्हणावं. त्यावर ते नुसते हसले. मी त्यांना दुसरा रस्ता सुचवला, किल्ल्यात फिरायला जा म्हटलं, तिथं गाड्या नाहीत. ते म्हणाले, तिथं वळखीचं कोण हाय. त्या उत्तराचा मला रागच आला. अर्धवट शिकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या अडाणीपणाचा जसा राग येतो, तसा.

रागाच्या भरात मला एक उपाय सुचला. रोग माणसात नाही, रस्त्यात आहे. मग रस्ताच बदलायचा. दुपारी मी शिवय्याच्या हॉटेलवर गेलो आणि त्याला सांगितलं की अप्पांसाठी गाडी थांबवू नका. त्यांच्या पायाचा प्रश्न आहे, काकांचं तुम्हाला माहीत आहेच, तेव्हा सकाळी ते दिसले तरी बघू नका, सरळ निघून जा. आणि हे त्यांना कळू देऊ नका, नाहीतर ते तुम्हाला हात दाखवून थांबवतील. शिवय्या कढई पुसत होता, तो थांबला. असं कसं करावं, म्हणाला. मी म्हटलं, तुम्हाला अण्णा पाहिजेत का त्यांची शुगर पाहिजे? असली वाक्यं मला ऐनवेळी बरी सुचतात. त्यानं मान हलवली. मग मी हणमंतप्पाला गाठलं, चाचांना गाठलं, गेटवरच्या पाळीच्या कामगारांना गाठलं. व्यायामाचा डॉक्टर सांगतोय म्हटल्यावर सगळे मुकाट्यानं हो म्हणाले. संध्याकाळी व्यंकटेश सरांना फोन करून सगळं सांगितलं. सर इतके खूश झाले की यावर एक वेगळा निबंध होईल म्हणाले. मी त्या निबंधाचं नाव ठरवतच झोपी गेलो.

दुसऱ्या सकाळी मी अप्पांच्या बराच मागून चाललो. पाहणी करणाऱ्यानं अंतर ठेवावं असं शास्त्र सांगतं, आणि माझी चालही तेच सांगत होती. शिवय्याची गाडी आली. तिचा आवाज ऐकूनच अप्पा रस्त्याच्या कडेला सरकले, थांबले, बसायला सोपं जावं म्हणून पँट गुडघ्यांशी थोडी वर ओढली. शिवय्या मान सरळ ठेवून पुढं निघून गेला. अप्पांनी राम राम घालायला उचललेला हात तसाच थोडा वेळ वर राहिला, मग त्यांनी तो केसांवरून फिरवला. पाठोपाठ हणमंतप्पा हॉर्न वाजवत जोरात गेला. चाचांना नाटक जमत नव्हतं, ते आभाळाकडे बघत गेले आणि खड्ड्यात आदळले. मला इतकं हसू आलं की मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. बसायला निमित्त हवंच होतं.

अप्पा कोळारपर्यंत चालत गेले आणि चालत परत आले. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. मी आईला म्हटलं, बघ.

पुढचे काही दिवस असंच चाललं आणि शुगर खरंच उतरली. आईनं माझ्या ताटात तूप वाढलं. घरात माझं फार कौतुक झालं, आणि ते करण्यात मी स्वतः आघाडीवर होतो. अप्पांच्या इतर गोष्टी मला दिसत नव्हत्या असं नाही, पण त्या मोजायच्या यादीत नव्हत्या. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घालणं सोडलं. मग दाढी सोडली. शिवय्याच्या हॉटेलवर न जाता ते अलीकडूनच वळायला लागले. एकदा आईला विचारत होते की निवृत्तीच्या जेवणात आपल्याकडून कुणाचं काही कमी-जास्त झालं होतं का. आई म्हणाली, काय तरी इचारायलाव. आणि मग एका सकाळी ते उठले, पांढरे बूट हातात घेतले, आणि घालायच्याऐवजी खाटेखाली सारून दिले.

मी म्हटलं, अप्पा, चला. ते म्हणाले, न्हाई. कामून म्हणून आईनं विचारलं. मी शुगर पुन्हा वर जाईल वगैरे सुरू केलं, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"जाऊ दे पाय," ते म्हणाले. "म्या आता त्या वाटंनं जायाचो न्हाई."

आई घाबरली. तिनं त्यांच्या शेजारी बसून हळूहळू काढून घेतलं, आणि मी दारात उभा राहून ऐकलं.

आमचं मूळ गाव भालकीच्या बाजूला. अप्पा लहान असताना आजी त्यांना घेऊन बाजाराला पायी जायची. ज्याच्या रानात ती आठवडाभर खुरपायची त्याचीच बैलगाडी त्याच वाटेनं बाजाराला जायची, पुष्कळदा रिकामी. गावातल्या इतरांना तो हाक मारून बसवायचा. आमच्या लोकांना गाडीत घेत नसत. धम्म घेतला होता, घरात बाबासाहेबांचा फोटो आला होता, पण गाडी गावचीच होती. एवढं मला ऐकून माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

"माज्या पायात काटा मोडला व्हता," अप्पा म्हणाले. "मायच्या डोक्यावर वझं, मला घ्यावं कसं. गाडी आली म्हणून माय कडंला सरकली अन् मला पुढं केली. त्या माणसानं आमाला बगितलं. बगून मान सरळ केली, बैलाला चाबूक दिला अन् गेला. माय म्हणली, त्याला दिसलं न्हाई. पर म्या बगितलं व्हतं, त्याला दिसलं व्हतं. ती मान मला कुठं बी वळखू येती."

आई त्यांच्या पायांकडे बघत होती.

"कोळारात आलो तवा शिवय्या पयल्यांदा थांबला. बसा तात्याराव, म्हणला. लिंगायताचा माणूस, दुधाच्या बरण्या मागं, अन् मला मदी बसीवला. त्या दिवसापासून एकाला बी म्या न्हाई म्हणलो न्हाई. न्हाई म्हणलं अन् उद्या थांबला न्हाई तर? आता बग, नोकरी संपली, अन् शिवय्या तसाच गेला. मान सरळ ठिवून. समदेच तसेच जायलेत."

माझ्या प्रबंधात जगण्याच्या गुणवत्तेची शारीरिक, मानसिक आणि सामाजिक अशी अंगं आहेत, प्रत्येकाखाली प्रश्न आहेत, आणि ते सगळे मला तोंडपाठ आहेत. त्यातलं एकही वाक्य त्या वेळी कामाला आलं नाही. मला फार लाज वाटली. मी तिथंच उंबऱ्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. शिवय्याला मी सांगितलं, हणमंतप्पाला मी सांगितलं, सगळ्यांना मीच सांगितलं.

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, लहानपणी मी काही फोडलं की बघायचे तसं, किती फुटलंय याचा अंदाज घेत.

"माज्या बापासाठी थांबू नगा," ते म्हणाले, "असं तू दारोदार सांगत फिरलास?"

मी हो म्हटलं. आईनं माझ्या ताटातलं तूप बंद करायचं त्याच वेळी ठरवलं असावं, कारण त्यानंतर ते दिसलं नाही.

शिवय्याकडे मी चालत गेलो. वाटेत दोन गाड्या थांबल्या, दोन्ही वेळा नाही म्हणालो आणि दोन्ही वेळा गाडीवाल्याचं तोंड उतरलेलं बघितलं. हॉटेलवर गर्दी नव्हती. मी अप्पांनी सांगितलेलं सगळं त्याला सांगितलं. ऐकता ऐकता तो बाकड्यावर बसला. त्याला हे गाडीचं कधीच माहीत नव्हतं. मग माझ्यावर जो चिडला, तो कन्नडात चिडला, आणि ते बरं झालं, कारण मराठीत एवढं ऐकून घेणं मला जमलं नसतं.

"म्या सरळ कामून बगत व्हतो?" शेवटी तो मराठीत आला. "तेंच्याकडं बगितलं असतं तर ब्रेक लागला असता. तुमी वचन घेतलेलं. गेटपर्यंत येऊस्तोर माजे डोळे भरून यायचे रोज. डॉक्टर हाव म्हणं तुमी."

मी त्याला सांगितलं की मी डॉक्टर नाही, आणि या चालीनं होईन असंही दिसत नाही.

त्या रात्री मी शिवय्याचं बोलणं आईला सांगितलं. सकाळी मला कुणी पांघरूण ओढून उठवलं नाही, मी आपणहून उठलो आणि अप्पांच्या खोलीच्या दारावर थाप मारली. आत खाट करकरली. मग नळाचा आवाज आला, आणि दाढीच्या वाटीत ब्रश आपटल्याचा. ते बाहेर आले तेव्हा अंगात इस्त्रीचा शर्ट होता. शिवय्याला तू भेटलास ते मला ठावं हाय, एवढंच म्हणाले. मी खाटेखालून बूट काढून दिले. ते त्यांनी स्वतः पुसले.

आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. अप्पा नेहमीपेक्षा सावकाश चालत होते आणि मागं वळून बघत नव्हते. गाडीचा आवाज आला तसे ते कडेला सरकले नाहीत, उलट थोडे ताठ झाले. त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. मी मनातल्या मनात शिवय्याच्या गाडीच्या ब्रेकला हात जोडले.

बरण्या खणखणल्या आणि गाडी थांबली. शिवय्यानं इंजिन बंद केलं, स्टँड लावला, खाली उतरला. अप्पांच्या समोर येऊन उभा राहिला. दोघांपैकी कुणीही मागच्या दिवसांबद्दल एक शब्द काढला नाही.

"बसा, तात्याराव अण्णा," शिवय्या म्हणाला.

अप्पा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी गाडीच्या मागच्या सीटवर हात ठेवला, त्यावरची धूळ झटकली आणि हात तिथंच राहू दिला.

"आज चालतो, शिवय्या," ते म्हणाले. "मला शुगर हाय. पाय राखायचेत."

मी एवढी व्याख्यानं दिली, परदेशी संदर्भ दिले, निम्म्या कोळारला शपथा घातल्या, आणि हा माणूस एका वाक्यात नाही म्हणाला होता.

"मग उद्या थांबू का नको?" शिवय्यानं विचारलं.

"थांब. रोज थांब. रोज इचार."

"अन् तुमी रोज न्हाई म्हणणार."

"व्हय," अप्पा म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले.

शिवय्यानं मान डोलावली. गाडीवर बसून किक मारली आणि मग त्याची नजर माझ्यावर पडली. मी कमरेवर हात ठेवून, तोंड उघडं टाकून उभा होतो. रोजच्या चालण्यानं नवे बूट चावले होते आणि डावी टाच सोलवटली होती. चेहऱ्यावर अभ्यासकाचं काही शिल्लक राहिलं असेल असं वाटत नाही.

"डॉक्टर, तुमी तरी बसा," तो म्हणाला.

नाही म्हणायला माझ्याकडे सगळी कारणं तयार होती. काही तर छापलेली होती. पण माणूस गाडी थांबवून, माझ्याकडे बघून, बसा म्हणत होता, आणि तोंडानं नाही म्हणता येतं हे अप्पांना शिकवणारा मी बरण्यांच्या मधे पाय सावरून केव्हा बसलो ते मला कळलंही नाही. अप्पा म्हणाले, जा, म्या येतो हळूहळू.

गाडी निघाली. अप्पा कडेनं चालत होते, पांढरे बूट, इस्त्रीचा शर्ट. त्यांनी हात वर केला. मी मान मागं वळवली आणि हात वर करून त्यांच्याकडे बघत राहिलो. हणमंतप्पाचा ऑटो त्यांच्याजवळ थांबलेला दिसला, मग पुढं गेलेला दिसला. चाचा थांबलेले दिसले. गाडी डुगडुगायला लागली तसं शिवय्यानं सरळ बसायला सांगितलं, पण वळण येईपर्यंत मी काही मान सरळ केली नाही.

संध्याकाळी माझी मान धरली, इकडची तिकडं होईना. आईनं तेल लावता लावता विचारलं, आज कसला व्यायाम केलास म्हणून. मी म्हटलं, मानेचा.